हापूस पिकवण्याचं एकच पान गूगलमध्ये खाली गेलं: एप्रिल ते जुलै २०२५ च्या नोंदी

देवगड तालुक्यात कुणकेश्वरच्या अलीकडे आमची हापूसची बाग आहे. बराचसा माल वाशीच्या घाऊक बाजारात जातो. काही पेट्या मात्र आम्ही थेट गिऱ्हाइकाला पाठवतो आणि त्यासाठी वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या साधनावर एक छोटी साइट चालवतो. त्या साइटवर सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान दरपत्रकाचं नाही. ते आहे ‘हापूस आंबा घरी पिकवणे’. आढी, म्हणजे पेंढ्यात आंब्यांचे थर, कशी लावायची, पेंढा किती घालायचा, आंबा कधी परतायचा, देठाकडचा वास कसा ओळखायचा, हे सगळं माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, सांगितलं तसं लिहिलेलं आहे. अनोळखी माणूस पहिल्यांदा आमच्यापर्यंत येतो तो बहुतेक वेळा या पानावरून.

बाकीची पानं जागच्या जागी राहिली आणि हे एकच पान खाली घसरलं. साइट स्वतः सांभाळणाऱ्या दुसऱ्या बागायतदारांवर किंवा घरगुती निवासवाल्यांवर ही वेळ आली तर कामाला याव्यात म्हणून नोंदी ठेवते आहे.

८ एप्रिल २०२५

आबा सकाळी म्हणाले, “औंदा आढयेचा इचारूक कोणाचो फोनच येना नाय.” खरं होतं. गेल्या मोसमात याच दिवसांत पान वाचून लोक फोन करायचे, शंका विचारायचे आणि त्यातले निम्मे तरी पेटी मागायचे.

आधी फोनवर शोधून पाहिलं. आमचं पान वरच दिसलं. त्याला काही अर्थ नाही, कारण मी ते सतत उघडते आणि गूगल माणसागणिक, ठिकाणागणिक थोडं वेगळं दाखवतं. पुण्याच्या नणंदेला तेच शब्द टाकायला सांगितले. तिला बरंच खाली जाऊनही सापडलं नाही.

मग सर्च कन्सोल उघडलं. आपली पानं कुठल्या शोधाला कितव्या जागी दिसतात ते दाखवणारं हे गूगलचं साधन. ‘आंबा कसा पिकवायचा’ या शोधाला गेल्या मोसमात आमचं सरासरी स्थान चारच्या आसपास होतं. आता ते पंचविशीच्या पुढे आहे. स्थान तेच राहून नुसते क्लिक कमी झाले असते, तर वर एखादं तयार उत्तर किंवा व्हिडिओ आलाय असं समजले असते. इथे स्थानच गेलंय.

९ एप्रिल

पहिली शंका मोसमाची. आंब्याचं पान जूनमध्ये पडतं आणि मार्चमध्ये उठतं, त्यामुळे मागच्या महिन्याशी तुलना करण्यात हशील नाही. सर्च कन्सोल सोळा महिन्यांची आकडेवारी ठेवतं, म्हणजे गेल्या वर्षीचा अख्खा मोसम हाताशी आहे.

पण तारखेला तारीख लावली तरी फसायला होतं. गेल्या वर्षी गुढीपाडवा ९ एप्रिलला होता, यंदा ३० मार्चला. अक्षय तृतीया गेल्या वर्षी १० मे, यंदा ३० एप्रिल. शहरातलं गिऱ्हाईक या दोन दिवसांच्या हिशेबाने आंबा शोधतं. म्हणून मी तारखा बाजूला ठेवल्या आणि पाडव्याच्या पुढचे आठवडे एकमेकांसमोर ठेवले. देवदर्शनाची, गणपतीची, मे महिन्याच्या सुट्टीची गर्दी ज्यांच्या पानावर येते त्यांनीही असंच करावं. चतुर्थी दर वर्षी सरकते आणि कॅलेंडर लावून केलेली तुलना निष्कारण घाबरवते.

असं लावूनही घसरण तेवढीच राहिली, म्हणजे मोसमाचा दोष नाही. त्याच तक्त्यात बाकीची पानं पाहिली. ‘देवगड हापूस ओळखायचा कसा’ हे पान गेल्या वर्षीइतकंच आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्या पानाला बाराही महिने वाचक असतो. दरपत्रकाचं पानही जागेवर आहे. साइटला काही झालेलं नाही, जे झालंय ते एका पानाला.

११ एप्रिल

ओळखीच्यांनी एकच कारण सांगितलं: मार्चचं अपडेट. गूगलने शोधाचे निकाल लावण्याच्या पद्धतीचं मोठं अपडेट १३ मार्चला सोडलं आणि ते २७ मार्चला पूर्ण झालं, हे खरं आहे. एका सल्लागाराकडून ४,५०० रुपये देऊन अहवाल घेतला, त्यातही हेच निघालं. उपाय म्हणून बाहेरच्या साइटींवरून लिंका विकत घ्यायला सांगितलं होतं. ते केलं नाही आणि कोणी करू नये. विकतच्या लिंका गूगलच्या नियमांत बसत नाहीत. आज ज्या पानावर कारवाई झालेली नाही त्याच्यावर उद्या खरोखरच व्हायची.

अहवाल बाजूला ठेवून दिवसागणिक आलेख पाहिला. फेब्रुवारी ते एप्रिल, फक्त ‘पिकव’ ही अक्षरं असलेले शोध. उतार फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झालेला आहे. अपडेट त्यानंतर जवळजवळ महिन्याने आलं. फेब्रुवारीत आंबा पिकवण्याबद्दल विचारणारं कोणी नसतं, म्हणून ते आमच्या नजरेला आलं नाही. अपडेटचा माणसाने विचार जरूर करावा, पण आधी आलेखावर तारीख बघावी. उतार अपडेटच्या आधीच लागला असेल तर त्याच्या माथी मारून उपयोग नाही.

१३ एप्रिल

तांत्रिक तपासणी. रविवार सगळा यातच गेला, कारण दुपारी वीज गेली आणि विजेबरोबर रेंजही. लॅपटॉप घेऊन सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, जाऊन बसले तेव्हा काम पुढे सरकलं.

पानाचा पत्ता सर्च कन्सोलच्या तपासणीत टाकला. पान गूगलवर आहे. नोइंडेक्स (गूगलला पान दाखवू नको सांगणारी खूण) नाही, रोबोट्सची (गूगलला पान वाचू न देणाऱ्या फाइलची) आडकाठी नाही, कॅनॉनिकल, म्हणजे गूगल खरा मानतं तो पत्ता, स्वतःकडेच आहे. गूगलकडून कारवाईची सूचना नाही, सुरक्षेची अडचण नाही. मोबाइलवर नीट उघडतं.

फेब्रुवारीत या पानाचा पत्ता बदललेला आहे, म्हणून तेही तपासलं. जुना पत्ता देवनागरीत होता. तो व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्याची चिन्हं आणि आकडे यांची चार-पाच ओळींची माळ व्हायची. पुतण्याने तो रोमन अक्षरांत छोटा केला. पोरगा जपून काम करणारा आहे. आधी एका जुन्या लेखावर करून पाहिलं, तिथे जुनी लिंक आपोआप नव्या पत्त्यावर गेली, मग त्याने हे पान बदललं. सर्च कन्सोलमध्ये ४०४ च्या, म्हणजे न सापडणाऱ्या पानांच्या, यादीत आमचं काहीच नाही. जुना पत्ता ‘रीडायरेक्ट असलेली पानं’, म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे वळवलेली, या यादीत आहे, जिथे तो असायला हवा तिथेच. कागदावर सगळं ठीक.

१७ एप्रिल

पान जड आहे, म्हणून ते काम काढलं. आढीच्या प्रत्येक थराचा फोटो आहे आणि ते फोटो फोनमधून निघाले तसेच चढवलेले. गूगलच्या मोजमापात पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा, आमचा त्याच्या दुप्पट वेळ घेत होता. फोटो वेबपी या हलक्या प्रकारात बदलले, रुंदी कमी केली, खालचे फोटो माणूस खाली येईल तेव्हाच उतरावेत अशी सोय केली. पान झपकन उघडायला लागलं.

स्थान जागचं हललं नाही. हललं असतं तर उलट नवल वाटलं असतं, कारण बाकीच्या पानांवरही तसलेच फोटो आहेत आणि ती पडलेली नाहीत. हे काम वाचणाऱ्यासाठी करण्यासारखं होतंच, कोकणात रेंजची जी अवस्था आहे ती पाहता आधीच करायला हवं होतं. पण एकच पान पडलेलं असताना साऱ्या साइटला लागू असलेलं कारण शोधत बसलं की हातचे दिवस जातात. मोसमातले दिवस परत मिळत नाहीत.

२० एप्रिल

आज खरं काम झालं.

पान पडलं असं आपण म्हणतो. गूगलमध्ये पान असं सरसकट पडत नाही, ते कुठल्या तरी शोधासाठी पडतं. म्हणून सर्व शोधशब्द उतरवून घेतले आणि गेल्या मोसमाशेजारी यंदाचे ठेवले. तीन ढीग झाले.

पहिला, बागेच्या नावाने येणारे. यात काही फरक नाही.

दुसरा, ‘आंबा कसा पिकवायचा’, ‘हापूस घरी पिकवणे’, ‘आढी लावणे’ आणि याच शब्दांची रोमन अक्षरांत टाइप केलेली रूपं. इथे कडाच कोसळला आहे. सगळं फेब्रुवारीच्या त्याच आठवड्यात.

तिसरा, ‘आंबा लवकर पिकवण्याचे उपाय’, ‘एका दिवसात आंबा पिकवा’ या धर्तीचे. हे पडलेत, पण कड्यावरून नाही. गेल्या मेपासून हळूहळू उतरत आलेत, फेब्रुवारीच्याही कितीतरी आधीपासून. म्हणजे याचं कारण निराळं. हे दोन ढीग एकत्र ठेवून सरासरी काढली की दोन्ही कारणं झाकली जातात.

मग दुसऱ्या ढिगातला एक शोध निवडला आणि त्या शोधावरून ‘पानं’ या भागात गेले. एरवी आपण पान निवडून त्याचे शोध बघतो, इथे उलटं करायचं: शोध निवडायचा आणि त्यासाठी गूगल आपलं कुठलं पान दाखवतंय ते बघायचं. फेब्रुवारीपर्यंत तिथे आमचं देवनागरी पत्त्याचं पान आहे. त्यानंतर दोन ओळी. एक रोमन पत्त्याचं पान, फार खाली. दुसरा, कार्बाइडवर लिहिलेला एक छोटा लेख, तोही खालीच, पण त्याच्याहून जरा वर.

या लेखाचं इथे काय काम? तो दोन वर्षांपूर्वी लिहिलेला आहे, पाच-सात परिच्छेदांचा. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे, इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर) चालतो, एवढीच माहिती. आढीबद्दल त्यात एक ओळसुद्धा नाही. ‘आंबा कसा पिकवायचा’ विचारणाऱ्याला तो वाचून काहीच मिळणार नाही. गूगलने त्याला खाली ठेवलंय ते योग्यच आहे.

२१ एप्रिल

उत्तर एका गिऱ्हाइकाकडून आलं. चिंचवडच्या एका बाईंचा मेसेज: “ताई, पेटी पोचली, आंबे छान आहेत. पण पत्रकावरचा तो कोड स्कॅन केला तर कार्बाइडचं काहीतरी उघडतंय. तुमच्या आंब्यात नाही ना?”

वाचून हातपाय गार पडले. प्रत्येक पेटीत आम्ही एक पत्रक घालतो. त्यावरचा क्यूआर कोड आढीच्या पानावर जातो, जुन्या देवनागरी पत्त्याने. कोड स्वतः स्कॅन केला. कार्बाइडचा लेख उघडला. गिऱ्हाईक हौसेने पेटी फोडतं, कोड स्कॅन करतं आणि त्याला पहिला शब्द दिसतो कार्बाइड. गूगलमधलं स्थान गेलं त्याहून हे वाईट.

आता सगळं उलगडलं. जशी यंत्रणा आहे तसं लिहिते, कारण मराठीत साइट चालवणाऱ्या कुणालाही हे होऊ शकतं.

वर्डप्रेसमध्ये लेख आणि पान असे दोन प्रकार असतात. लेखाचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवतं आणि आलेल्याला नव्याकडे पाठवतं. पानाच्या बाबतीत ते असं काही लक्षात ठेवत नाही. पुतण्याने चाचणी घेतली ती लेखावर, बदल केला तो पानावर.

मग जुना पत्ता ४०४ का झाला नाही? कारण पत्ता सापडला नाही की वर्डप्रेस आणखी एक गोष्ट करतं: मागितलेल्या पत्त्याने ज्याची सुरुवात होते असं दुसरं काही आहे का ते बघतं, आणि मिळालं तर ३०१, म्हणजे ‘पत्ता कायमचा बदलला’ असा निरोप, देऊन तिकडे वळवतं. निव्वळ अंदाजाने.

असं दुसरं आमच्याकडे होतं. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार हे प्रत्येकी नऊ चिन्हांचं होतं आणि वर्डप्रेस पत्ता दोनशे चिन्हांवर तोडतं. म्हणजे बाविसेक खुणांत पत्ता संपला. आमच्या पानाचा पत्ता होता ‘हापूस-आंबा-घरी-पिकवणे’. अठरा खुणा, तीन आडव्या रेघा, १६५ चिन्हं. बसला. लेखाचं शीर्षक होतं ‘हापूस आंबा घरी पिकवणे आणि कार्बाइड’. त्यात ‘आणि’पर्यंत १९३ चिन्हं झाली आणि ‘कार्बाइड’ला जागाच उरली नाही. त्या लेखाचा पत्ता होऊन बसला ‘हापूस-आंबा-घरी-पिकवणे-आणि’.

पान त्या पत्त्यावरून उठलं आणि वर्डप्रेसने तिथे येणाऱ्या प्रत्येकाला, गूगललाही, ‘पिकवणे-आणि’कडे पाठवलं. बाहेरच्या साइटींनी जुन्या पानाला दिलेल्या लिंका, वर्षानुवर्षांचे व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड, पेटीतली पत्रकं, सगळं त्या लेखाकडे. रोमन पत्त्याचं पान गूगलच्या लेखी फेब्रुवारीत जन्मलेलं, मागे कोणी नसलेलं. सर्च कन्सोलच्या यादीत जुना पत्ता रीडायरेक्ट आहे एवढंच कळतं, कुठे जातो ते तिथे लिहिलेलं नसतं. ते स्वतः उघडून बघावं लागतं.

२२ एप्रिल

दोन वाटा होत्या. रोमन पत्ता ठेवून जुन्यावरून तिकडे ३०१ लावायचा, किंवा जुना पत्ताच पानाला परत द्यायचा. पहिल्या वाटेनेही काम झालं असतं आणि बहुतेक ठिकाणी तीच सोपी. मी दुसरी धरली. जुन्या पत्त्याला बाहेरून आलेल्या लिंका आहेत, रोमनला एकही नाही, आणि छापलेली पत्रकं या मोसमात संपायची नाहीत. जिथे लोक येतात तिथे घर असलेलं बरं.

केलेली कामं, क्रमाने:

आधी साइटचा पूर्ण बॅकअप. मग पानाचा स्लग, म्हणजे पत्त्यातला नावाचा भाग, पुन्हा ‘हापूस-आंबा-घरी-पिकवणे’. रोमन पत्त्यावरून जुन्याकडे ३०१. पान असल्यामुळे हा आपोआप होणार नव्हता, म्हणून फुकट मिळणारं रीडायरेक्शनचं प्लगिन घातलं आणि नियम हाताने लिहिला. मेनूत आणि दुसऱ्या पानांत रोमन पत्त्याच्या लिंका होत्या, त्या थेट मूळ पत्त्यावर बदलल्या. आपल्याच घरातल्या लिंकेने रीडायरेक्टमधून वळसा घालायचं कारण नाही. अंदाजाने वळवण्याची वर्डप्रेसची सवय एका छोट्या फिल्टरने, म्हणजे कोडच्या तुकड्याने, बंद केली, ही सोय वर्डप्रेस ५.५ पासून आहे. यापुढे पत्ता चुकला तर सरळ ४०४ दिसेल आणि आम्हाला कळेल.

साइटची कॅश (साठवलेल्या जुन्या प्रती) रिकामी केली, तरी माझ्या फोनवर जुना पत्ता कार्बाइडवरच जात राहिला. बराच वेळ साइटमध्येच दोष शोधला. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो, हे त्याचं कारण. खासगी खिडकीत उघडलं तर सगळं नीट होतं. ज्या गिऱ्हाइकांनी कोड आधी स्कॅन केलाय त्यांच्या फोनमध्ये जुनी वाट काही काळ राहणार. पेट्या गेलेल्या सगळ्यांना मूळ माहितीच आबांच्या आवाजात व्हॉट्सॲपवर पाठवली. चिंचवडच्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं.

पुतण्याची अडचण खरी होती, तीही सोडवली. ‘आढी’ एवढ्याच शब्दाचा रोमन अक्षरांतला छोटा पत्ता केला, तो पानाकडे ३०१ ने जातो. व्हॉट्सॲपवर तोच टाकायचा.

शेवटी साइटमॅप (गूगलसाठीची पानांची यादी) ताजा झाला का ते पाहिलं आणि सर्च कन्सोलमध्ये पान पुन्हा वाचून नोंदवण्याची (इंडेक्स करण्याची) विनंती टाकली. एकदाच. ती पुन्हा पुन्हा टाकून रांग पुढे सरकत नाही.

२६ एप्रिल

तपासणीत गूगलने निवडलेला कॅनॉनिकल पत्ता अजून रोमनच आहे. गूगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, जुन्या पत्त्यावर येऊन गेलेला नाही.

अक्षय तृतीया चार दिवसांवर. घरातून, ओळखीतून सूचना येतायत: शीर्षक बदल, मजकूर वाढव, ‘रामबाण उपाय’ असं काहीतरी घाल. काहीही बदलणार नाही. मजकूर होता तसाच असताना पान गेली कित्येक वर्षं वर होतं, तो मजकूर फेब्रुवारीत बिघडलेला नाही. आणि एकाच वेळी दोन गोष्टी हलवल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

६ मे

गूगलने पत्ता स्वीकारला. कॅनॉनिकल देवनागरी, शेवटची भेट ३ मे. दुसऱ्या ढिगातले शोध पंचविशीतून आठच्या आसपास आलेत आणि रोज थोडे वर सरकतायत. त्या शोधांमधून कार्बाइडचा लेख दिसेनासा झालाय.

त्या लेखाचं काय करायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. काढून टाकायचा नाही, कार्बाइडबद्दल विचारणाऱ्या माणसाला खरं उत्तर मिळालं पाहिजे. शीर्षक ‘कार्बाइडचा आंबा कसा ओळखायचा’ असं केलं, पत्ता त्याप्रमाणे छोटा केला. हा लेख असल्यामुळे वर्डप्रेसने वळवण्याचं स्वतः पाहिलं, तरी मी उघडून खात्री केली. लेखातून आढीच्या पानाला लिंक दिली.

१६ मे

आता तिसरा ढीग. ‘लवकर पिकवण्याचे उपाय’ शोधून पहिली दहा उत्तरं उघडली. जवळजवळ सगळे व्हिडिओ आणि झटपट युक्त्या. विचारणाऱ्याला आज रात्री ठेवून उद्या खायचा आंबा हवाय. आमचं पान सांगतं की तयार काढलेला हापूस आढीत आठ-दहा दिवस घेतो. या शोधामागची गरजच बदलली आहे, आणि त्या गरजेला आमचं पान उत्तर देत नाही म्हणून गूगल त्याला खाली नेतंय. यात बिघाड नाही, दुरुस्त करण्यासारखंही काही नाही.

एका रात्रीत पिकतो असं लिहिणार नाही, कारण तसा तो पिकत नाही. पण विचारणाऱ्याला जेवढं खरं सांगता येईल तेवढं सांगावं म्हणून एक परिच्छेद घातला. आंबे कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवले तर केळ्यातून निघणाऱ्या इथिलीनने ते एक-दोन दिवस आधी होतात. पिकण्याआधी फ्रिजमध्ये ठेवू नयेत. आणि तयार न झालेला, कोवळा काढलेला आंबा कशानेही चांगला पिकत नाही, तो सुरकुततो. साक्याबद्दलही, म्हणजे आंब्याचा गर आतून खराब होण्याबद्दल, दोन ओळी: काढलेला आंबा तापलेल्या कातळावर, उन्हात राहू देऊ नये, सावलीत हलवावा. आबांनी प्रत्येक वाक्य वाचायला लावलं, एक बदलायला लावलं.

पहिला बदल स्थिरावल्यावरच हा केला.

२७ मे

पाऊस आला. हवामान खात्याने २५ तारखेला मोसमी वारे देवगडपर्यंत पोचल्याचं सांगितलं, दुसऱ्या दिवशी मुंबईत. त्याआधीपासूनच झोडपत होता. झाडावर राहिलेला माल गेला, पेट्या बंद केल्या.

इथून पुढचे आकडे मी मोजणीत धरत नाही. शोधणारेच उरले नाहीत की सरासरी स्थान दोन-चार जणांच्या शोधावर ठरतं, एक दिवस दोन, दुसऱ्या दिवशी तीस. पावसाच्या आधीच्या आठवड्यापर्यंतचं चित्र असं: दुसऱ्या ढिगातले मुख्य शोध चार ते सहाच्या मध्ये, जवळजवळ पूर्वीच्या जागी. रोमन अक्षरांत टाइप केलेले थोडे मागे. तिसऱ्या ढिगात किंचित फरक, तो परिच्छेदामुळे की नाही हे एवढ्यावरून सांगता येत नाही.

खर्च: अहवालाचे ४,५०० रुपये. बाकी प्लगिन फुकट, मेहनत घरची. गमावलं ते पाडवा ते अक्षय तृतीया या काळातलं नवं गिऱ्हाईक. जुनी माणसं बागेचं नाव शोधून आली, ती गेली नाहीत.

२ जुलै

गूगलने ३० जूनला आणखी एक मोठं अपडेट सुरू केलं आहे. पुढच्या मार्चमध्ये आलेख बघताना हाताशी असावी म्हणून तारीख वहीत लिहून ठेवली. त्याच वहीत साइटच्या प्रत्येक पानाचा आजचा पत्ता, आधी कधी काही दुसरा असेल तर तोही, आणि तो कुठे कुठे छापलेला आहे हे लिहिलं. पुतण्याने स्वतःहून बसून यादी केली. रीडायरेक्ट निदान वर्षभर तरी काढायचे नाहीत असं गूगल सांगतं. आम्ही ते काढणारच नाही, आमची पत्रकं लोकांच्या घरात त्याहून जास्त टिकतात.

राहिलेली कामं. जानेवारीत मोहोराच्या सुमाराला वहीतला प्रत्येक जुना पत्ता खासगी खिडकीत उघडून बघायचा. पत्रकाचा नवा मजकूर दिवाळीनंतर छापखान्यात द्यायचा आहे, त्यावर ‘आढी’चा छोटा पत्ता आणि त्याचाच कोड येईल. कच्ची प्रत हातात आली की घरातल्या सगळ्यांच्या फोनवर तो कोड स्कॅन करायचा, आबांच्याही, आणि आढीचं पान उघडलं तरच छपाईला हो म्हणायचं.